ताण अंगात शोधायची रीत कुठून आली?

घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. मन अस्वस्थ असलं की अंग बोलतं, हे सगळेच जाणतात. पण मुद्दाम शांत बसून त्या खुणा एकेक करून पाहायच्या, ही शिकवण वेगळी. आज ध्यानवर्गात ‘खांद्यांकडे लक्ष न्या, जबड्याकडे न्या’ असं सहज सांगितलं जातं. या सूचनेत दोन निरनिराळे हेतू मिसळले आहेत. एका परंपरेला ताण सोडवायचा होता, दुसरीला तो फक्त पाहायचा होता. नव्याने बसणाऱ्याचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो, म्हणून हा मागोवा.

पतंजलीच्या योगसूत्रांत, पहिल्या पादाच्या ३१ व्या सूत्रात, चित्त विचलित झालं की सोबत काय येतं ते सांगितलं आहे: दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. निदान इतकं नेमकं असलं तरी पुढच्या सूत्रांचा रोख चित्त स्थिर करण्याकडे आहे. बौद्ध परंपरेतल्या सतिपट्ठान सुत्ताचा रोख निराळा आहे. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणावं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावं. तो लांबवायचा नाही. शरीरावरच्या सुखद, दुःखद आणि ना सुखद ना दुःखद अशा संवेदनाही तशाच पाहायच्या.

पश्चिमेत हा विषय प्रयोगशाळेतून पुढे आला. १८८४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी एक उलटा वाटणारा विचार मांडला: आधी शरीरात बदल होतो, आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. त्यानंतर काही वर्षांनी वॉल्टर कॅनन हा हार्वर्डचा विद्यार्थी मांजरांना बिस्मथ (क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांखाली पाहत होता. मांजर बिथरलं की जठराच्या लाटा थांबत, शांत झालं की पुन्हा सुरू होत. पोटातल्या त्या गोळ्याकडे विज्ञानाने दिलेलं हे फार सुरुवातीचं लक्ष. पुढे १९१५ मध्ये कॅनन यांनी ‘लढा किंवा पळा’ या, संकटात शरीर सज्ज होण्याच्या प्रतिक्रियेचं सविस्तर वर्णन केलं. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवलं की उंदरांना त्रास कोणताही द्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एडमंड जेकबसन यांचं काम. १९२९ मध्ये त्यांनी स्नायू शिथिल करण्याची आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्यांचा पहिला धडा अगदी साधा. आडवं पडायचं, हात मनगटातून मागे वाकवायचा आणि कोपराखालच्या भागात वरच्या बाजूला काय जाणवतं ते पाहायचं. मनगटापाशी जाणवतं ती नुसती ओढ. खरा ताण त्या वरच्या स्नायूत असतो, आणि तो फार पुसट असतो. तो ओळखता आला की मग सोडायचा. लक्ष देण्याची इतकी बारीक तालीम, पण शेवट सोडण्यातच.

पाहण्याची परंपरा याच काळात ब्रह्मदेशात गृहस्थांपर्यंत पोहोचत होती. लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्या परंपरेतले ऊ बा खिन हे तिथल्या सरकारचे अकाउंटंट जनरल. त्यांच्याकडे १९५५ मध्ये सत्यनारायण गोएंका अर्धशिशी बरी व्हावी म्हणून गेले, तेव्हा ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नकार दिला. डोकेदुखी घालवण्यासाठी ही साधना नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन परंपरांमधलं अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितलं असेल. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, आणि डोक्यापासून पायांपर्यंत संवेदना पाहत जाण्याची ही रीत त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरांतून पसरली.

१९७९ मध्ये जॉन कॅबट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्याला पुढे आठ आठवड्यांचं रूप मिळालं. त्यातल्या ‘बॉडी स्कॅन’वर, म्हणजे अंगाच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेण्याच्या सरावावर, ऊ बा खिन परंपरेची छाप आहे. सूचना पाहण्याची, पण नाव मात्र ताण कमी करण्याचं. त्यामुळे खांदा सैल झाला नाही की माणूस स्वतःवरच चिडतो आणि खांदा आणखी आखडतो. अशा वेळी आखडलेला खांदा आखडलेलाच आहे एवढं कळणं, हीच साधना झालेली असते.

मग ध्यानामुळे शरीराची जाण खरोखर तल्लख होते का? २००८ मध्ये साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी अनुभवी ध्यानसाधकांना स्वतःच्या हृदयाचे ठोके ओळखायला सांगितले. ते इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. मात्र आपल्याला ते चांगलं जमलं, असं त्यांना स्वतःला वाटत होतं. अचूक ओळखणं आणि ओळखतो असं वाटणं या दोन गोष्टी संशोधक आता वेगवेगळ्या मोजतात.

आणखी एक गोष्ट शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवी. ज्यांना धडधडीचीच भीती वाटते, त्यांनी छातीवर लक्ष रोखलं तर घबराट वाढू शकते. त्यांनी डोळे उघडे ठेवून तळपायांपासून सुरुवात केलेली बरी, आणि भीती अंगावर यायला लागली तर तिथेच थांबावं.