केमो-ब्रेन

कर्करोगासाठी, विशेषतः स्तनाच्या कर्करोगासाठी, रसायनोपचार (केमोथेरपी) घेताना किंवा घेतल्यानंतर स्मरणशक्ती, एकाग्रता व विचारांचा वेग यांत जाणवणारी घट. दूध उतू जाईपर्यंत गॅसचा विसर पडणे, नेहमीचा शब्द ओठावर येऊन अडणे, अशा तक्रारी असतात. संज्ञा रुग्णांच्या बोलण्यातली. वैद्यकीय लेखनात ती बहुधा १९९० च्या दशकात आली.

घट औषधांमुळेच होते का, हा जुना वाद आहे. नेदर्लंड्समध्ये व्हॅन डॅम व सहकाऱ्यांना (१९९८) उच्च मात्रा घेतलेल्या ३२%, प्रमाण मात्रा घेतलेल्या १७% आणि रसायनोपचार न घेतलेल्या ९% रुग्णांत बोधनदोष (स्मृती, एकाग्रता अशा क्षमतांतील उणीव) आढळला. मात्रेगणिक चढणारे हे आकडे औषधाकडे बोट दाखवतात. परंतु या स्त्रियांची उपचारांआधी चाचणी झालेली नव्हती. वेफेल व सहकाऱ्यांनी (२००४) १८ जणींची ती घेतली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश स्त्रियांत दोष आधीच होता. म्हणून चिंता, थकवा, शस्त्रक्रिया किंवा खुद्द कर्करोग यांकडेही कारण म्हणून पाहिले जाते. तथापि त्याच १८ जणींपैकी ११ जणींची कामगिरी उपचारांनंतर आणखी घसरली. रसायनोपचार हे अनेक कारणांपैकी एक, पण खरे कारण, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

डॉक्सोरुबिसिन हे रसायनोपचाराचे औषध रक्त-मेंदू अडसर (रक्तातील द्रव्ये मेंदूत शिरू न देणारा पडदा) फारसे ओलांडत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांवरून असे दिसते, की त्यामुळे रक्तात वाढणारी दाहजनक द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचत असावीत. मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या औषधाने उंदरांत मायक्रोग्लिया (मेंदूतील संरक्षक) पेशी उद्दीपित होऊन मज्जातंतूंवरील मायलिन आवरणाची जडणघडण बिघडते. रजोनिवृत्ती अकाली ओढवल्यास तिचाही वाटा संभवतो.

बहुतेकींचा त्रास सौम्य असतो व कालांतराने ओसरतो. मात्र सरासरी २१ वर्षांपूर्वी सीएमएफ (सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट व फ्लुओरोयुरासिल) ही तीन औषधे घेतलेल्या १९६ स्त्रियांत शब्दस्मृती व वेग किंचित कमी आढळले (कोपेलमन्स व सहकारी, २०१२).

निदान अवघड असते. हुशार स्त्रीचे गुण घसरूनही ‘सामान्य’ कक्षेतच राहतात आणि पूर्वीचे गुण हाताशी नसतात. २०११ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतील एक चाचणी दिलेल्या अक्षराने सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायला लावते. मराठीत ती जशीच्या तशी चालत नाही : ‘क’ दिल्यावर ‘किल्ली’ धरायची की नाही, हे आधी ठरवावे लागते.

खात्रीचे औषध नाही. व्यायाम व बोधन-पुनर्वसन यांचा काहींना उपयोग होतो.