ऑक्टोपॅडच्या रबराखाली

मिरवणुकीत बेंजो पार्टीचा ऑक्टोपॅड, म्हणजे स्टिकने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, रंगात आला की गर्दीतलं कुणीतरी म्हणतंच, ‘तो नुसती बटणं दाबतोय, वाजवतं ते मशीन.’ हे ऐकून मला वाईट वाटतं. बटणाला फक्त चालू आणि बंद कळतं. पॅडला मात्र फटका किती जोराचा होता हेही ओळखावं लागतं, आणि तेही वाजवणाऱ्याला उशीर जाणवायच्या आत.

रोलँड या जपानी कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ सालचा. आठ रबरी पॅड, पण आत स्वतःचा एकही आवाज नाही. फटक्याची खबर मिडीच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या सांकेतिक भाषेच्या) तारेतून दुसऱ्या यंत्राला द्यायची, एवढंच त्याचं काम.

स्टिकने वाजवायच्या बहुतेक पॅडांमध्ये रबराखाली पिझो चकती असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बझर म्हणून मिळते, तीच. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. पॅडवर फटका बसला की चकती थरथरते आणि व्होल्टेज झपाट्याने वर-खाली होत विरत जातं. त्यातलं सर्वात उंच शिखर म्हणजे फटक्याचा जोर. मिडीत तो १ ते १२७ या आकड्यांत मांडतात.

खरी गंमत पुढे आहे. शिखर आलं हे ठरवायला थोडं थांबावं लागतं, साधारण दोन मिलिसेकंद. कमी थांबलात तर जोर चुकतो, जास्त थांबलात तर ठेका मागे पडतो. शिवाय शिखरानंतरची थरथर म्हणजे नवा फटका नव्हे. म्हणून काही काळ पॅडने कान बंद ठेवायचे. पण किती काळ? दोन हातांचा रोल, म्हणजे सलग भरभर फटके, सेकंदाला पंधरा फटक्यांचा असेल, तर दोन फटक्यांत जेमतेम ६७ मिलिसेकंद उरतात. कान ८० मिलिसेकंद बंद ठेवले तर निम्मा रोल गायब! यावरचा उपाय मला फार आवडतो. कान पूर्ण बंद करायचेच नाहीत. फटक्यानंतर उंबरठा, म्हणजे जिच्या वरचाच संकेत फटका मानायचा ती पातळी, एकदम उंच करायचा आणि थरथर ज्या वेगाने विरते, त्याच वेगाने तो खाली आणायचा. मग जुनी थरथर कायम उंबरठ्याखाली राहते आणि नवा फटका तो ओलांडून येतो.

जाहिरातींतल्या ‘झिरो लेटन्सी’वर, म्हणजे ‘शून्य उशीर’ या दाव्यावर, विश्वास ठेवू नका. मिडीचा एक संदेश ३० बिटांचा, वेग सेकंदाला ३१,२५० बिट. म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद तिथेच गेला. स्पीकर तीन मीटरवर असेल तर हवेतून आवाज कानापर्यंत यायला आणखी नऊ.

एका पॅडचा हादरा सांगाड्यातून शेजारच्या पॅडलाही जातो. दोन पॅड एकाच क्षणी बोलले आणि एकाचा संकेत फारच क्षीण असला, तर तो टाकून द्यायचा. मात्र इथे मर्यादा कडक ठेवली, तर डाव्या हाताने मुद्दाम वाजवलेला हलका फटकाही त्यात जातो. म्हणून चांगल्या यंत्रात ही मर्यादा वादकाला स्वतःच्या हाताप्रमाणे बदलता येते.