जुनी टूरिंग मोटारसायकल विक्रीस ठेवण्यापूर्वी

आपली मोटारसायकल आमच्यामार्फत विकण्याचे आपण ठरवले असल्यास गाडी आणण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, ही विनंती. वर्षानुवर्षे उत्तम राखलेल्या गाडीची किंमत विक्रीच्या तोंडावर घाईने केलेल्या कामांमुळे कमी झालेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. त्यातले सर्वांत नेहमीचे काम म्हणजे नवा रंग. जाणकार खरेदीदार चकचकीत टाकी पाहून खूश होण्याऐवजी त्या रंगाखाली पोचा बुजवला आहे की गंज, याचा शोध घेऊ लागतो. कारखान्यातला रंग दोन-चार ठिकाणी उडालेला असला तरी तो तसाच राहू द्यावा. धूळ आणि तेलाचे ओघळ पुसणे पुरेसे आहे.

किलोमीटर जास्त झाल्याचा संकोच बाळगू नये. ही गाडी लांबच्या प्रवासासाठीच घडवलेली असते, आणि दहा वर्षे झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा नियमित चाललेल्या गाडीचे ऑइल सील आणि कार्बोरेटर बहुधा चांगल्या स्थितीत असतात. मात्र अनेक जुन्या मीटरांत पाचच आकडे असल्याने ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. त्यामुळे मीटरवरचा आकडा खरा ठरतो तो बिलांवरून आणि सर्व्हिसच्या नोंदींवरून. वहीत हाताने लिहिलेल्या नोंदी, तारीख आणि किलोमीटर दिलेले असल्यास, आम्हाला छापील बिलांइतक्याच उपयोगी पडतात.

या नोंदींचे महत्त्व का, ते दोन उदाहरणांवरून लक्षात येईल. होंडाची गोल्ड विंग जीएल १००० ही गाडी ऑक्टोबर १९७४ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिचे ९९९ घनसेंटिमीटरचे, आडव्या चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन टिकाऊ म्हणून ओळखले जाते. पण त्यातले दोन टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारे पट्टे) रबराचे असतात आणि ते चालण्याने जितके झिजतात तितकेच नुसत्या वयाने कडक होतात. बेल्ट तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचे मोठे काम निघते. म्हणून बेल्ट कधी बदलले, हा खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो, आणि ‘बदलले होते बहुतेक’ हे उत्तर नकारासारखेच ऐकू येते. याच गाडीची पेट्रोलची खरी टाकी सीटखाली असते (समोर दिसते ते केवळ कवच आहे), त्यामुळे तिच्यातला गंज आम्ही सीट काढून तपासतो.

दुसरे उदाहरण बीएमडब्ल्यूच्या हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या) इंजिनांच्या गाड्यांचे, म्हणजे १९७६ मध्ये पूर्ण फेअरिंगसह (वारा अडवणाऱ्या पुढच्या आवरणासह) आलेल्या आर १०० आरएससारख्या गाड्यांचे. त्यांच्या क्लच आणि गिअरबॉक्समधल्या स्प्लाइनला (दोन्ही भाग जोडणाऱ्या दातेरी दांड्याला) ठरावीक काळाने ग्रीस लागते आणि त्यासाठी गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो. काम वेळखाऊ असते, झाल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि न झाल्यास दाते झिजत जातात. ते वेळच्या वेळी करून घेतले असेल, तर त्याचा पुरावा फक्त कागदावर असतो.

इंजिन आणि चॅसिस यांचे क्रमांक कागदपत्रांशी जुळतात का, हे आपणही एकदा ताडून पाहावे. बॉक्सर गाड्यांत अनेकदा दोन्हीकडे एकच क्रमांक असतो, तर त्या काळच्या होंडा गाड्यांत ते सहसा वेगळे असतात. त्यामुळे केवळ फरक दिसला म्हणून इंजिन बदलले आहे असे समजू नये. आवाजासाठी सायलेन्सर बदलले असतील तर मूळ सायलेन्सर, तसेच काढून ठेवलेली सीट, आरसे, टूलकिट आणि विशेषतः पॅनियर (मागे दोन्ही बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्या) व त्यांच्या किल्ल्या सोबत आणाव्यात. पॅनियरविना टूरिंग गाडी पाहणाऱ्याला अर्धवटच वाटते.

टायरवर खोल नक्षी उरली असली तरी वय पाहावे. सन २००० पासूनच्या टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबरी ब्रेक होजचेही (ब्रेकच्या नळ्यांचे) वय पाहावे.

आपल्याला माहीत असलेले दोष, अगदी थंडीत चोक जास्त वेळ लागतो एवढेसुद्धा, आम्हाला लेखी द्यावेत. ते आम्ही खरेदीदारासमोर आधीच ठेवतो, कारण नंतर त्याने स्वतः शोधलेला लहान दोषही मोठा ठरतो. याच कारणाने गाडी दाखवताना इंजिन थंडच ठेवले जाते. आधीच गरम केलेले इंजिन लपवाछपवीचा संशय निर्माण करते.

चाचणी फेरी परवाना व विमा तपासून, आमचा माणूस बरोबर ठेवूनच दिली जाते. पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच मूळ कागदपत्रे आणि दुसरी किल्ली सुपूर्द होते, आणि मालकीबदलाची सूचना त्याच दिवशी संबंधित कार्यालयाला देणे आपल्याच हिताचे असते. अन्यथा पुढचे दंड आपल्या नावे येऊ शकतात.

गाडी आणताना टाकीत ताजे पेट्रोल थोडेच असावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा शोषते, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी आमच्याकडे काही आठवडे उभी राहू शकते.