जिओ फोरजी लॉन्च (२०१६)

रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला देशभर एकाच वेळी मोबाईल इंटरनेटचं जे नेटवर्क चालू केलं त्याला सगळे जिओ फोरजी लॉन्च म्हणतात. हे भारतातलं पहिलं फोरजी नव्हतं, बऱ्याच जणांचा तसा समज आहे म्हणून आधीच सांगितलेलं बरं. एअरटेलने एप्रिल २०१२ मधेच कोलकात्यात फोरजी आणलं होतं, त्याच वर्षी पुण्यातही आलं, पण ते डोंगल म्हणजे कॉम्प्युटरला नेटसाठी जोडायची कांडी लावून वापरायचं प्रकरण होतं, फोरजीचे फोनच बाजारात धड मिळत नव्हते आणि रेट असे की सामान्य माणूस त्या वाटेला जायचा नाही. जिओने खरा फरक पाडला तो स्पीडने कमी आणि नेटवर्कच्या रचनेने न् किमतीने जास्त.

सुरुवात २०१० ची. सरकारने ब्रॉडबँडसाठी २३०० मेगाहर्ट्झचं स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नल वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरींचा पट्टा, लिलावात काढलं आणि इन्फोटेल ब्रॉडबँड नावाची कुणाला फारशी माहीत नसलेली कंपनी सगळ्याच्या सगळ्या २२ सर्कलमधे (टेलिकॉमसाठी पाडलेले देशाचे विभाग) जिंकली, सुमारे १२,८४८ कोटींना, आणि लगेच रिलायन्सने ४,८०० कोटी टाकून तिचा ९५ टक्के हिस्सा घेतला. २०१३ मधे नाव बदलून जिओ झालं. आता हे लायसन्स होतं फक्त डेटाचं, त्यावर साधे कॉल देता येत नव्हते, मग २०१३ मधेच १,६५८ कोटी भरून कंपनी युनिफाइड लायसन्सवर, म्हणजे डेटा आणि कॉल दोन्ही चालणाऱ्या लायसन्सवर गेली आणि कॉलचा रस्ता मोकळा झाला. यावर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने बोट ठेवलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पण तिथे याचिका फेटाळली गेली.

रचनेचं म्हणाल तर बाकी कंपन्यांकडे आधीचं टूजी-थ्रीजी होतं, त्यांचा फोरजी फोन नेट फोरजीवर चालवायचा पण कॉल आला की खाली टूजी किंवा थ्रीजीवर उतरायचा. जिओकडे उतरायला खालचं काही नव्हतंच, त्यामुळे कॉलसुद्धा डेटा म्हणूनच जायचा, यालाच व्होल्टे म्हणतात. अशा कॉलला मिनिटाला एक एमबीसुद्धा लागत नाही, म्हणून "कॉल कायम फुकट, पैसे फक्त डेटाचे" असं म्हणणं त्यांना परवडलं. उलट बाजू अशी की व्होल्टे नसलेल्या फोनमधे सिम टाकून थेट कॉल लागायचा नाही, त्यासाठी जिओ फोर जी व्हॉइस नावाचं ॲप टाकावं लागायचं, आणि कंपनीने लाइफ नावाचे स्वतःचे फोनही काढले. २३०० च्या जोडीला १८०० आणि ८५० मेगाहर्ट्झही होतं, त्यातलं ८५० लांब जातं आणि भिंतीतून आत शिरतं, घरात रेंज मिळायला तेच कामाला येतं.

१ सप्टेंबरला मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी घोषणा केली, तिकडे शेअर बाजारात एअरटेल आणि आयडिया त्याच दिवशी आपटले. ३१ डिसेंबरपर्यंत सगळं फुकट, नंतर हॅपी न्यू इयर म्हणून ३१ मार्च २०१७ पर्यंत पुन्हा फुकट. रिलायन्सच्या दुकानांबाहेर रांगा, ॲपवर कोड काढायचा, आधारवर अंगठा लावायचा की सिम चालू. ८३ दिवसांत ५ कोटी आणि १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाले. फुकटच्या गर्दीने स्पीड अर्थातच घसरला, सुरुवातीला दिवसाला ४ जीबी मिळायचं ते न्यू इयरमधे १ जीबीवर आणलं. महिनाभर एक जीबी पुरवून पुरवून वापरायची सवय मोडून "रोजचा इतका डेटा" असे पॅक जे रूढ झाले ते इथूनच, आणि माझ्या मते लॉन्चचा सगळ्यात टिकाऊ परिणाम हाच.

मोठं भांडण झालं ते कॉलवरून. जिओवरून दुसऱ्या नेटवर्कला कॉल लागेचना, कारण दोन नेटवर्क जोडणारे पॉइंट कमी पडत होते. जिओ म्हणे हे मुद्दाम देत नाहीत, बाकीचे म्हणे फुकट कॉलचा लोंढा आमच्या अंगावर सोडलाय. ऑक्टोबर २०१६ मधे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. दुसऱ्याच्या नेटवर्कवर कॉल उतरवायचे मिनिटाला १४ पैसे द्यावे लागायचे, ते १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. मधे ऑक्टोबर २०१९ मधे जिओनेच हे ६ पैसे ग्राहकांकडून घ्यायला सुरुवात केली होती, "कायम फुकट" वर तेव्हा लोकांनी बरीच टिंगल केली.

बाकी बाजाराचं व्हायचं ते झालं. मुकेश यांच्या धाकट्या भावाच्या, अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ संपता संपता मोबाईल कॉलची सेवा बंद केली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटाचे मोबाईल ग्राहक एअरटेलकडे गेले, ऑगस्ट २०१८ मधे व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. स्मार्टफोन न परवडणाऱ्यांसाठी २०१७ मधे १,५०० रुपये डिपॉझिटवर जिओफोन आला. डिसेंबर २०१९, २०२१ च्या शेवटी आणि जुलै २०२४ असे रेट चढत गेले, आणि तोवर सोडून जायला कंपन्याच फारशा उरल्या नव्हत्या. ऑक्टोबर २०२२ मधे फाइव्हजी आलं तेव्हा एअरटेलने ते आपल्या फोरजीच्या आधाराने चालू केलं, जिओने मात्र स्टँडअलोन म्हणजे फोरजीवर न टेकता वेगळं उभं केलं.