सुई अडली तो मणी

माझी वहिनी कळव्याला घरीच माळा ओवते. परवा जांभळी नाक्यावरून आणलेल्या लाल अकीकाच्या एका लांबट मण्यात तिची सुई अर्ध्यावर अडली. "मणीच खराब निघाला," ती वैतागली. मला मात्र तोच मणी सरातला सगळ्यात बोलका वाटला. एकाच बाजूने आरपार वेज पाडायला गेलं तर पलीकडच्या तोंडाशी दगडाचा टवका उडतो. म्हणून निम्मं भोक इकडून, निम्मं तिकडून. मधे दोन्ही केसभर चुकली की आत पायरी राहते आणि सुई तिला थडकते.

केसभर चुकणारच हो! अकीक म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांची गारगोटी. मोहस् श्रेणीवर तिचा कठीणपणा ७ च्या जवळपास, चाकूच्या पोलादाचा साडेपाचच्या आसपास. तरीही सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी बोटाहून लांब मण्यांना वेज पाडले, तेही दगडी टोकांनी. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी तशा टोकांनी प्रयोग केले, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडलं. असे मणी पार मेसोपोटेमियात, ऊरच्या शाही थडग्यांतही सापडले आहेत.

वहिनीच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. तो आणि हा मणी तसे भाऊबंदच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका त्या पोकळ्यांत थरावर थर साचत गेली. तोच अकीक. खडक झिजला, पण या गाठी टिकल्या आणि गाळात जमा झाल्या. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला त्या खणून काढतात आणि खंभातला त्यांचे मणी घडतात.

खाणीतून निघतो तेव्हा हा दगड बहुधा पिवळट-मातकट असतो. मडक्यात भरून शेणाच्या धगीत तापवला की आतल्या लोहसंयुगातलं पाणी निघून जातं, हेमटाइट हे लाल लोहखनिज तयार होतं आणि दगड लाल होतो. हा रंग आतून येतो. काही मणी नुसतेच रंगवलेले असतात. तिथे भोकाच्या कडेला आणि चिरांमध्ये रंग गडद साचलेला दिसतो. भिंगाखाली आधी भोक बघावं, बाकीचं नंतर.

खंभातचं वेज पाडायचं पारंपरिक हत्यार, म्हणजे सामता, कमानीने फिरतं. टोकाला हिऱ्याचे दोन कण, वरून पाण्याचा थेंब थेंब. खरा घात होतो तो घासणीच्या चाकावर. तिथे उडणारी सिलिकेची धूळ फुप्फुसात रुतते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. हे सांगितल्यावर वहिनीने हिऱ्याची भुकटी लावलेली कानस बाहेर काढली, पण मणी हातात कोरडा घासला नाही. वाटीभर पाण्यात बुडवून पायरी घासली. दहा मिनिटांत सुई पार झाली. वाटीतलं पाणी किंचित गढुळलं होतं.