कॉम्पोझिट बाँडिंग

पटाशीच्या दाताचा उडालेला टवका, दोन दातांमधली फट, आखूड राहिलेला किंवा डागाळलेला दात यांना दाताच्याच रंगाची राळ चिकटवून नीटस आकार देण्याची पद्धत. कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो. इथे तासणे नाममात्र असते, पुष्कळदा नसतेच. सहसा भूल लागत नाही आणि एक-दोन दातांचे काम एका बैठकीत होते. खर्चही सिरॅमिक व्हिनियरपेक्षा, म्हणजे दातावर चिकटवायच्या पातळ पापुद्र्यापेक्षा, कमी येतो.

धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. अमेरिकेतील रॉचेस्टरचे मायकेल ब्युओनोकोर यांनी तीच युक्ती दातावर केली आणि आम्ल लावलेल्या एनॅमलला (दाताच्या बाहेरच्या कठीण कवचाला) राळ घट्ट चिकटते, हे १९५५ मध्ये दाखवले. पुढे राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए ही राळ तयार केली. १९६२ मध्ये तिला पेटंट मिळाले. आजचे कॉम्पोझिट म्हणजे अशा राळेत मिसळलेली काचेची बारीक पूड.

आता साधारण ३७ टक्के आम्लाची जेल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात. एनॅमलवर सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत बाँडिंगचा द्रव मुरतो. त्यावर कॉम्पोझिटचे सुमारे २ मिलिमीटरपर्यंत जाडीचे थर देऊन प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करतात. रंगाची निवड मात्र सुरुवातीलाच, दात ओला असताना करायची. कोरडा पडलेला दात असतो त्याहून पांढरा दिसतो आणि निवड फसते. कामाच्या जागी लाळ लागली तर पकड कच्ची राहते.

कडक होताना राळ किंचित आकसते. त्यामुळे कडेला बारीक फट राहू शकते आणि पुढे तिथेच रेघ काळवंडते. चहा, हळद, तंबाखू, मिश्री यांचे डागही कॉम्पोझिट नैसर्गिक दातापेक्षा लवकर धरते. ब्लीचिंगने ते उजळत नाही. म्हणून दात उजळवायचे असतील तर आधी उजळवावेत आणि बाँडिंगला सुमारे दोन आठवडे थांबावे, कारण दातात उरलेला ऑक्सिजन राळेला नीट कडक होऊ देत नाही. नखे कुरतडणारे, दाताने ऊस सोलणारे, झोपेत दात खाणारे यांचे बाँडिंग लवकर टवकते. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री नाइटगार्ड (दातांवर बसणारे संरक्षक आवरण) लावावा लागतो. हिरडीशी राळेची कड जाड राहिली तर तिथे कीटण साचून रक्त येऊ लागते. हा दोष साहित्याचा नव्हे, हाताचा. कीड किंवा हिरड्यांचा आजार असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. नुसते झाकून तो जात नाही.

यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर भागांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. तिथे ही पद्धत उपयोगी आहे. पण फ्लोरोसिस (फ्लोराइडमुळे होणारा हा विकार) तीव्र असेल तर एनॅमल आम्लाला दाद देत नाही, पकडही कमी मिळते.

‘नको वाटले तर काढता येते’ हे आश्वासन अर्धेच खरे आहे. दात तासलेला नसेल तर राळ काढता येते, पण तिचा आणि दाताचा रंग एकच असल्याने ती घासताना थोडे एनॅमलही जाते. बाँडिंग साधारण पाच ते सात वर्षे टिकते, मध्ये पॉलिश किंवा डागडुजी लागते. विशीत बाँडिंग करून घेणाऱ्याला ही फेरी आयुष्यात अनेकदा करावी लागते.