ओळख-स्थान विभाजन (आंतरजाल मार्गनिर्देशन)

आंतरजालास जोडलेल्या यंत्राची ओळख आणि त्याचे जाळ्यातील स्थान यांसाठी दोन वेगळी नावे वापरण्याची संकल्पना. प्रचलित आयपी पत्ता ही दोन्ही कामे एकटाच करतो. त्यामुळे एखाद्या संस्थेने दोन सेवादात्यांकडून जोडणी घेतली, की तिच्या पत्त्यांची स्वतंत्र नोंद जगभरच्या गाभ्यातील राउटरांना (माहितीचा मार्ग ठरवणाऱ्या यंत्रांना) आपल्या मार्ग-तक्त्यात ठेवावी लागते आणि तक्ता वाढत जातो. १९९३ मधील सायडर पद्धतीने पत्त्यांचे गट बांधून ही वाढ काही काळ आवरली.

संकल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते तिचे मूळ जॉन शॉक यांच्या १९७८च्या सुमाराच्या टिपणात आहे. त्यात नाव म्हणजे काय हवे, पत्ता म्हणजे ते कोठे आहे आणि मार्ग म्हणजे तेथे कसे जायचे, असा भेद केलेला आढळतो. परंतु शॉक यांचा भेद बराचसा व्याख्येपुरता राहतो. जेरोम सॉल्टझर यांनी १९८२ मध्ये सेवा, यंत्र, जोडबिंदू व मार्ग हे चार घटक निराळे काढून त्यांच्यातील बंध बदलते असू शकतात हे दाखवले. म्हणून उगमाचा मान त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. नोएल चिआप्पा यांचे ‘अंत्यबिंदू’विषयक (संवादाच्या टोकांच्या घटकांविषयीचे) लेखन याच धाग्यातले. माइक ओडेल यांनी १९९६-९७ मध्ये आयपीव्ही६चा (आयपीच्या नव्या आवृत्तीचा) १२८ बिटांचा पत्ता मधोमध तोडून ओळख व स्थान वेगळे करण्याची सूचना केली. ती स्वीकारली गेली नाही.

ऑक्टोबर २००६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे आंतरजाल रचना मंडळाने तक्त्याच्या या वाढीवर भरवलेल्या कार्यशाळेनंतर डझनाहून अधिक प्रस्ताव पुढे आले. त्यांपैकी लिस्प (ओळख-स्थान विभाजनाचा एक नियमसंच) या प्रस्तावात संगणकांना हात लावावा लागत नाही. सीमेवरचे राउटर ओळखीवरून स्थान शोधतात आणि पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून पाठवतात. मात्र त्यासाठी कोणती ओळख कोणत्या स्थानी आहे हे सांगणारी जगव्यापी यंत्रणा लागते, स्थान सापडेपर्यंत पहिले पॅकेट अडकू शकते आणि गुंडाळणीने पॅकेटचा आकार वाढतो. आयएलएनपी या दुसऱ्या प्रस्तावात आयपीव्ही६ पत्त्याच्या १२८ बिटांपैकी ६४ स्थानासाठी व ६४ ओळखीसाठी असून गुंडाळणी नाही. जाळे साधे राहते, पण प्रत्येक संगणकाची प्रणाली बदलावी लागते. गुंतागुंत दोन्हींत आहे; वाद ती कोणी वाहायची याचा आहे. गुंतागुंत हाच मोठ्या जाळ्यांच्या वाढीतील मुख्य अडथळा, असे रँडी बुश व डेव्हिड मायर यांनी २००२ मध्ये मांडले होते. मायर पुढे ही गुंतागुंत जाळ्यावर टाकणाऱ्या लिस्पच्या कर्त्यांपैकी एक झाले, ही बाब या वादात लक्षात घेण्याजोगी आहे.

या प्रस्तावांची तुलना करणाऱ्या मार्गनिर्देशन संशोधनगटाच्या २०११च्या अहवालात गटाचे एकमत नोंदले गेले नाही. त्याच्या सहअध्यक्षांनी, टोनी ली व लिशिया झँग यांनी, दीर्घकालीन उपाय म्हणून आयएलएनपीची शिफारस केली. रचनेच्या शुद्धतेच्या दृष्टीने ती योग्यच होती. अंमलबजावणीची वाट मात्र लिस्पला सोपी गेली. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक तक्ता ५,१२,००० नोंदींपलीकडे गेला आणि जुन्या राउटरांची स्मृती भरून काही ठिकाणी सेवा खंडित झाली. त्यावर उपाय झाला तो स्मृतीची फेरवाटणी व नवी यंत्रे यांचा. आज आयपीव्ही४चा तक्ता दहा लाख नोंदींच्या आसपास असून सायडर आणि बीजीपी (जाळ्यांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा नियमसंच) यांवरच तो चालतो. लिस्पला २०२२ मध्ये आंतरजाल मानके ठरवण्याच्या अधिकृत प्रक्रियेत स्थान मिळाले. तिचा वापर मुख्यतः संस्थांतर्गत जाळ्यांत होतो.